बदलाची विशेषणं: प्रोटीअन झाला, पुढे लेबाइल

सतत बदलणाऱ्या गोष्टींसाठीची इंग्लिश विशेषणं एकेक करून पक्की करतोय, त्यात मर्क्युरिअल, व्होलाटाइल आणि फिकल झाले होते, आता प्रोटीअन (protean, अनेक रूपं घेणारा) घेतला आणि यात जाम रमलो. डिक्शनरीत अर्थ दोन ओळींत मिळतो पण शब्द खरा कळतो तो होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्यात, चौथ्या सर्गात. प्रोटिअस म्हणजे समुद्रातला म्हातारा, सगळं जाणणारा पण सहजासहजी न बोलणारा. त्याला बोलतं करायला ग्रीक राजा मेनेलॉस आणि त्याचे तीन साथीदार सीलची ताजी कातडी पांघरून किनाऱ्यावर दबा धरून बसतात, वास इतका भयंकर की प्रोटिअसचीच मुलगी त्यांच्या नाकाखाली सुगंधी अँब्रोशिया (देवांचं अन्न) लावते. दुपारी म्हातारा येतो, सील मोजतो, त्यात हे चौघंही मोजले जातात, आणि तो आडवा झाला की हे झडप घालतात. मग तो सिंह होतो, साप, बिबट्या, रानडुक्कर, वाहतं पाणी, उंच झाड, पण हे काही सोडत नाहीत, शेवटी दमून तो मूळ रूपात येतो आणि बोलायला लागतो.

माझ्या मते मेख इथेच आहे, रूपं कितीही बदलली तरी आतला प्रोटिअस तोच. म्हणून घडीघडीला मूड बदलणारा तो मर्क्युरिअल, शेअर बाजार व्होलाटाइल, आज याच्या बाजूने उद्या त्याच्या असा माणूस फिकल, आणि एकच नट राजा, भिकारी, म्हातारी सगळं ताकदीने उभं करतो तो प्रोटीअन. बऱ्याचदा कौतुकानेच येतो, जास्त करून नामाच्या आधी, जसं प्रोटीअन टॅलेंट. करिअरचे अभ्यासक डग्लस हॉल यांनी १९७६ मध्ये प्रोटीअन करिअर असा प्रयोग केला, म्हणजे कंपनीच्या भरवशावर न राहता माणूस स्वतः वळण देत नेतो ते करिअर. उच्चारात जोर प्रो वर द्या किंवा टी वर, दोन्ही चालतं.

आणि हो, लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये कधीकधी प्रोटिअस मिराबिलिस दिसतं ना, ते नावही याच म्हाताऱ्याचं, १८८५ मध्ये गुस्ताव हाउझरने दिलेलं, कारण हा जंतू आकार बदलतो.

आता लेबाइल (labile, सहज वरखाली होणारा) घेतोय, मेडिकलवाल्यांनी ब्लड प्रेशरसाठी तो कसा वापरतात त्याची वाक्यं टाका प्लीज.