गार असताना ठीक, गरम झाली की थरथर

माझी मारुती जिप्सी २०१५ ची, माझ्याकडे आली ती तिसऱ्या मालकाच्या हातून. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, कागदावर ८० हॉर्सपॉवर; पण खंडव्याकडून इंदूरला घरी परतताना भेरूघाटाचा चढ लागला की त्यातले निम्मे घोडे सुट्टीवर. गाडीत चार माणसं, मागे तंबू आणि डबे, पुढे एखादा ट्रेलर, की सगळा घाट दुसऱ्या गिअरवर. म्हणून हेडरचं खूळ डोक्यात शिरलं. इंजिनातून धूर बाहेर नेणारा कंपनीचा मॅनिफोल्ड आखूड असतो, चारही सिलिंडरचा एक्झॉस्ट लगेच एकमेकांच्या अंगावर येतो. त्याच्या जागी बसणाऱ्या हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा लांब पाइप, मग चारांचे दोन आणि दोनांचा एक. एकाचा धूर दुसऱ्याची वाट अडवत नाही. गणित म्हणून ते बरोबरच आहे.

एका गॅरेजात दिवसभरात काम झालं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवरच ठेवला, धुरातला ऑक्सिजन बघणारा सेन्सर जुन्या मॅनिफोल्डमधून काढून हेडरला वेल्ड केलेल्या नटात बसवला. संध्याकाळी गाडी घेऊन निघालो तेव्हा आवाजानेच मी हरखलो होतो. पलासियापर्यंत झकास. नवलख्याच्या सिग्नलला उभा राहिलो आणि आरशातली मागची सिटी बस नाचायला लागली. बस स्थिर होती, नाचत होता माझा आरसा. रेस दिली की सावरायची, सोडली की परत थरथर, मधूनच एखादा ठोका गाळायची. आमच्याकडे मेकॅनिक त्याला ‘मिसिंग मारती है’ म्हणतात, आणि मराठीतही आम्ही तसंच म्हणतो.

गॅरेजवाल्याला फोन केला. ‘भिया, नया माल है, थोड़ा चलने दो, सेट हो जाएगी.’ पाइप म्हणजे काय कोल्हापुरी चप्पल आहे, वापरून सैल व्हायला? पण हे मला आज सुचतंय. तेव्हा मी आठ दिवस चालवली. अकराचा एव्हरेज सातवर आला, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, आणि चौथ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला तो लागलाच.

मग रीतसर सगळे उपाय झाले. इंजिनातून टक टक ऐकू येत होती, म्हणून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करून घेतले. टक टक कायम. प्लग काढले तर चारही काळे, बोट लावलं की काजळ यावी तसे. नवे टाकले, दोन दिवस बरी चालली आणि मग तेही काळे. पीयूसीला नेली तर तिथेही नापास. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमच्या आत लागतं. माझी चिठ्ठी आली सीओ २.१ आणि एचसी ६४०. पंपावरचा मुलगा चिठ्ठी हातात देताना माझ्याकडे असं बघत होता की मी घरी शेगडीत रॉकेल ओतून आलोय.

एका मित्राने ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर दिला. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचायचा आणि मोबाइलवर बघायचं. दोन कोड होते, पी०३०० आणि पी०१७१. पहिल्याचा अर्थ कुठल्या एका सिलिंडरचं नाव न घेता सगळीकडेच मिसिंग. दुसऱ्याचा अर्थ मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. इथे माझं डोकं फिरलं. प्लग काळे, वास पेट्रोलचा, पीयूसी सांगतंय पेट्रोल जास्त; आणि गाडीचा कॉम्प्युटर सांगतोय कमी. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय हे उघड होतं. कोण, हे ओळखण्यात मी सपशेल चुकलो.

रविवारी सकाळी राजेंद्रनगरला मामांकडे गेलो. मामा पिथमपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं होते. गाड्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा कधीच नव्हता, पण मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, विचार करायची सवय काही जात नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘सुरू केल्या केल्या बिघडते, की नंतर?’

मला सांगता येईना. सकाळी घाईत गाडी काढणारा माणूस मी, पहिली दोन मिनिटं कोण ऐकतो?

‘मग आज गाडी इथेच ठेव. बॅटरीची निगेटिव्ह काढ, कॉम्प्युटर जे काय शिकलाय ते विसरू दे. उद्या ऑफिसच्या आधी ये.’

सोमवारी साडेसहाला पोचलो. मामींनी पोह्यांवर शेव आणि जिरावण टाकून बशी हातात दिली, ती बॉनेटवरच ठेवली. मामांनी घड्याळ काढलं. गाडी सुरू केली. पहिलं मिनिट अगदी शांत. बशीतला चमचासुद्धा हलला नाही. दुसरं मिनिटही तसंच. मग मोबाइलवर फ्युएल ट्रिमचा आकडा चढायला लागला: ५, ९, १४, २०. वीसच्या पुढे गेला तसा चमचा बशीच्या कडेवर किणकिणायला लागला. त्या किणकिणीइतकं स्पष्ट निदान मला तोवर कोणी केलं नव्हतं.

फ्युएल ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी टाकतोय तो आकडा. इंजिन गार असताना तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही, कारण सेन्सर स्वतः तीनेकशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय धड बोलत नाही. तोवर ठरलेल्या हिशोबाने पेट्रोल टाकतो. सेन्सर जागा झाला की त्याच्या सल्ल्याने चालतो. म्हणजे माझं इंजिन स्वतःच्या हिशोबाने ठीक चालत होतं आणि सल्ला मिळाला की बिघडत होतं. मी सेन्सरचं सॉकेट काढून टाकलं, बॅटरी परत सोडून जोडली. गाडी मऊसूत.

‘मामा, सेन्सर गेला!’

‘थांब जरा,’ ते म्हणाले. मी थांबलो नाही. दुपारी नवा सेन्सर घेतला. इलेक्ट्रिकचा माल, परत घेत नाहीत, हे दुकानदाराने पैसे मोजून झाल्यावर सांगितलं. संध्याकाळी बसवला. तिसऱ्या मिनिटाला ट्रिम वीस, चमचा बशीवर.

मामांनी काही टोमणा मारला नाही, फक्त म्हणाले, ‘साक्षीदार बदललास.’ मग समजावून सांगितलं ते असं. सेन्सर पेट्रोल मोजत नाही. पाइपमधून समोरून जे जातंय त्यात ऑक्सिजन किती, एवढंच सांगतो. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, या हिशोबाच्या आसपास त्याचा व्होल्ट ०.१ आणि ०.९ च्या मध्ये वरखाली होत राहतो. ऑक्सिजन जास्त दिसला की व्होल्ट खाली आणि कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडलं. पण तो ऑक्सिजन सिलिंडरमधून आलाय की पाइपच्या फटीतून, हे बिचाऱ्याला कळायचा मार्गच नाही.

‘पण मामा, एक्झॉस्ट तर जोरात बाहेर येतो. फटीतून धूर बाहेर जाईल, हवा आत कशी येणार?’

याचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. एक्झॉस्ट नळाच्या पाण्यासारखा सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. प्रत्येक ठोका पुढे निघून गेला की त्याच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, आणि तेवढ्या क्षणात फट बाहेरची हवा ओढून घेते. आयडलिंगला दोन ठोक्यांमध्ये वेळ भरपूर आणि धूर थोडा, म्हणून आत आलेली हवा मोठी दिसते. रेस दिली की धूर वाढतो, त्या मानाने ती हवा किरकोळ. ताडून बघितलं: आयडलिंगला ट्रिम +२६, अडीच हजार आरपीएमला +९. मिसिंग झालं तरी न जळलेली हवा बाहेर येते आणि सेन्सर लीनच सांगतो, ही शंका होती. पण तसं असतं तर गार असताना पहिल्या मिनिटालाही ठोके गळायला हवे होते. इनटेककडे कुठे पाइप निसटलाय का तेही बघितलं. कार्ब क्लीनर फवारला; तिथे फट असती तर तो आत ओढला जाऊन आरपीएम बदलला असता, पण तसूभर हलला नाही.

आता फट शोधायची. मामींचा व्हॅक्यूम क्लीनर घेतला, त्याचा पाइप हवा फेकणाऱ्या तोंडाला लावून सायलेन्सरच्या टोकात खुपसला, भोवती ओला टॉवेल गुंडाळला. (मामींना हे कळलं ते दुसऱ्या दिवशी, टॉवेलमुळे.) इंजिन पूर्ण गार. भांड्यांच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून हेडरच्या एकेका सांध्यावर मारत गेलो. पहिला पाइप, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याच्या फ्लँजच्या, म्हणजे इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या पट्टीच्या, वरच्या कडेला आधी एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. मग त्याच जागी फेस यायला लागला, चहा उतू जाताना पातेल्याच्या कडेला येतो तसा. टक टकही तीच होती. गार इंजिनावर मोठी आणि तापल्यावर कमी व्हायची, कारण लोखंड प्रसरण पावून फट थोडी बुजायची. टॅपेटचे पैसे उगाच गेले.

हेडर उतरवला. पॅकिंगवर तिसऱ्या पोर्टपासून बाहेरच्या कडेपर्यंत काजळीचा पट्टा, पंख्याच्या आकाराचा. आणि सगळ्या पॅकिंगला काळं सिलिकॉन फासलेलं, जळून भुगा झालेलं. फ्लँजजवळच्या तापमानाला ते टिकत नाही, हा एक भाग. दुसरा भाग असा की साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरला मारते. म्हणजे जुना सेन्सर तेव्हा बरा असला तरी त्याचा भरवसा आता धरता येत नव्हता. नव्याचे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत, असं मी मनाला सांगितलं.

मामांनी कपाटातून मखमलीत गुंडाळलेली सरळपट्टी काढली. फ्लँजवर उभी धरली आणि मागून टॉर्च. पहिल्या आणि चौथ्या पोर्टजवळ अंधार, तिसऱ्याजवळ पट्टीखालून उजेडाची रेघ. फट मोजायच्या फिलर गेजची ०.३५ मिमीची पात आरामात गेली.

‘वेल्डिंगमध्ये ओढली गेलीय. पाइप वेल्ड करताना फ्लँज जाड पाटाला कसून बांधायला हवी होती,’ ते म्हणाले. ‘आणि हे बघ.’ तिसऱ्या पाइपच्या वाकणाखालचा नट हाताने फिरत होता. पाइप इतका जवळून वळतो की तिथे पाना शिरतच नाही, म्हणून लावणाऱ्याने तो बोटांनी लावून सोडून दिला होता.

सांवेर रोडला एका वर्कशॉपमध्ये फ्लँज सरफेस ग्राइंडरवर धरून सपाट करून घेतली, तासाभराचं काम. नवं पॅकिंग धातूचं, सिलिकॉन अजिबात नाही. हेड आणि फ्लँज दोन्ही घासून, पुसून कोरडे. नट मधून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांमध्ये थोडे थोडे आवळले. वाकणाखालच्या नटासाठी मामांनी आपला १२ चा रिंग पाना ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी घासून पातळ केला. चांगला, जुना पाना होता. मी नको नको म्हणेपर्यंत ठिणग्या उडायला लागल्या होत्या.

बॅटरी सोडून जोडली, प्लग परत नवे, आणि पोहे नसले तरी बशी-चमचा बॉनेटवर. तिसरं मिनिट, चौथं, दहावं. ट्रिम उणे दोन आणि अधिक तीन यांच्यामध्ये. चमचा गप्प. पुढच्या आठवड्यात पीयूसी झालं, सीओ ०.०८. मुलगा तोच होता, पण त्याने ओळख दाखवली नाही.

भेरूघाटाचं विचाराल तर वरच्या आरपीएमला गाडी मोकळी पळते, हे खरं. खालून ओढायला फार फरक नाही, आणि ट्रेलर पुढे असला तर घाट अजूनही दुसऱ्या गिअरवरच जातो. खर्चाचा हिशोब घरी विचारतात तेव्हा मी आवाजाबद्दल बोलतो.

दोनशे किलोमीटर झाल्यावर, इंजिन रात्रभर गार करून, नट परत तपासले. बाकीचे पाव फेरा आवळले गेले, वाकणाखालचा जवळजवळ अर्धा. तो घासलेला पाना तेव्हापासून माझ्या डिकीत आहे. मामांनी अजून मागितला नाही, मीही विषय काढलेला नाही.