समासातले दोन प्रश्न

मुद्रितशोधकाच्या जागेसाठी तुम्ही चाचणी घेता, उमेदवाराकडून चार पानांचा उतारा तपासून घेता आणि निवड झाली नाही तर त्याचे नेमके काय चुकले हे मात्र कळवत नाही, असे का? हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, आणि बहुतेक वेळा इतक्या दुखावलेल्या आवाजात, की ‘वेळ मिळत नाही’ हे नेहमीचे उत्तर देणे मी आता थांबवते. वेळ मिळत नाही हे खरे आहे, पण पूर्वीही तो मिळत नव्हता आणि तरीही मी कळवत होते.

आधी एका आरोपाचा निकाल लावते. चाचणीच्या नावाखाली आम्ही फुकटात प्रुफे तपासून घेतो, असे काही जण म्हणतात. आमचा उतारा गेली नऊ वर्षे एकच आहे. तो एका कधीच न छापलेल्या कथेतला असून त्यात मी स्वतः ३० चुका पेरलेल्या आहेत. त्याआधी एकदा घाईच्या दिवसांत चालू पुस्तकाची पाने चाचणीसाठी दिली होती, हेही सांगून टाकते. ते गैर होते आणि पुन्हा केले नाही.

पूर्वी मी नापसंत ठरलेल्या प्रत्येकाला दीड-दोन पानांचे पत्र लिहीत असे. मराठी शुद्धलेखनाच्या, १९६२चे १४ आणि १९७२चे ४, अशा १८ नियमांपैकी कोणता कुठे मोडला, ‘महत्त्व’मधला एक त कसा निसटला, ‘पारंपारिक’ तसेच कसे राहिले, ‘तज्ञ’चे ‘तज्ज्ञ’ केल्यावर त्याच उत्साहात ‘सुज्ञ’चेही ‘सुज्ज्ञ’ कसे झाले, हे सगळे ओळ क्रमांकासह. कारण न सांगता नाकारणे म्हणजे शुद्ध उद्धटपणा, असे वाक्य मी तेव्हा एका मुद्रितशोधन वर्गात फळ्यावर लिहिले होते. उलट टपाली वादही यायचे. एका वयोवृद्ध शिक्षकांनी उताऱ्यातल्या ‘नाव’ आणि ‘काही’ यांवर जुने अनुस्वार परत चढवले होते, आणि माझे पत्र मिळाल्यावर त्यांनी सहा पानांत मला अनुच्चारित अनुस्वारांची बाजू समजावून दिली. त्या वादांचा मला त्रास झाला नाही. खरे तर ते मला आवडत. त्यामुळे ‘लोक भांडतात म्हणून बाईंनी पत्रे बंद केली’ हा समज चुकीचा आहे.

पत्रे बंद झाली ती परभणीहून आलेल्या एका उमेदवारामुळे. त्या तिथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होत्या. त्यांनी ३० पैकी २७ चुका शोधल्या. ज्यांना आम्ही घेतले त्यांनी २४ शोधल्या होत्या. परंतु ते आमच्याकडे पूर्वी पानांच्या हिशेबाने काम करत, पुण्यातच राहत आणि सोमवारपासून येऊ शकत होते. एक दिवाळी अंक तोंडावर आला होता. परभणीचे पाकीट उघडले तेव्हा माझा निर्णय झालेला होता. तरीही पत्र लिहिणे भाग होते, कारण तो माझाच नियम. मग राहिलेल्या तीन चुका मी विस्ताराने लिहिल्या, त्यांनी अकारण बदललेले दोन शब्द दाखवले, आणि एवढ्याने पत्राला वजन येत नाही असे वाटून शेवटी लिहिले, ‘नियमांवर आपली पकड चांगली आहे, मात्र नियम पाहताना अर्थाकडे दुर्लक्ष होते. मजकूर वाचण्याची सवय वाढवावी.’ हे वाक्य मी त्याआधीही बऱ्याच जणांना लिहिले होते. ते कोणालाही लागू पडते.

पाच महिन्यांनी त्या रात्रीच्या बसने पुण्यात आल्या आणि सकाळी साडेदहाला, मी येण्याआधीच, कार्यालयात बसून होत्या. पिशवीत दोन शंभर पानी वह्या होत्या. रोज वर्तमानपत्रातला एक अग्रलेख चिकटवून त्यांनी तो तपासला होता, आणि प्रत्येकाखाली लेखकाला विचारायच्या शंका वेगळ्या शाईत मांडल्या होत्या. “मॅडम, आता अर्थाकडे लक्ष जातं का, तेवढं बघा,” असे म्हणून त्यांनी वह्या पुढे सरकवल्या. मी पाने उलटत राहिले. मग त्यांनी आपल्या जुन्या उताऱ्याची झेरॉक्स काढली आणि समासात पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळींवर बोट ठेवले. पहिल्या पानावरची धाकटी जाऊ तिसऱ्या पानावर थोरली कशी झाली, हा एक प्रश्न होता. वटपौर्णिमेनंतर चारच दिवसांनी आषाढी एकादशी कशी येईल, हा दुसरा. “हे माझं चुकलं होतं का?”

त्या दोन चुका मी पेरलेल्या नव्हत्या. उतारा मी तोवर कितीतरी वेळा वाचला होता आणि मला त्या दिसल्या नव्हत्या. उत्तरसूचीत नव्हत्या म्हणून त्यांच्या समासातल्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या. आणि अर्थाकडे दुर्लक्ष होते, असे मी त्यांना लिहिले होते.

मी तेव्हा तरी खरे बोलायला हवे होते. मी म्हटले, “ते चाचणीच्या कक्षेत नव्हतं.” त्या बघत राहिल्या तेव्हा कुठे सांगितले की जागा आधीच भरल्यासारखी होती. “मग पत्रात तसं का नाही लिहिलंत?” एवढेच त्यांनी विचारले, आवाज न चढवता. तेवढ्यात चहा आला, आणि तो आल्याचे मला बरे वाटले. घरून पानांच्या हिशेबाने काम कराल का, असे मी विचारले, कळवते, म्हणाल्या. त्यांनी कळवले नाही. मीही पुन्हा फोन केला नाही.

यावर आमच्या कार्यालयातली तरुण सहकारी म्हणते की दोष पत्रांचा नव्हता, तुमच्या एका खोट्या वाक्याचा होता. ते वाक्य गाळा आणि पत्रे लिहा. तिचे म्हणणे मला खोडता येत नाही. पण ती समजते तितके ते सोपेही नाही. निवडीत चुकांच्या आकड्याखेरीज बरेच काही असते: कोण लवकर रुजू होईल, कोणाशी जमेल, कोणाचे अक्षर दुरुस्त्या टाइप करणाऱ्या ऑपरेटरला लागेल. पत्र लिहायला बसले की मात्र हात आपोआप चुकांकडेच जातो, कारण त्या दाखवता येतात. मग त्या चुका खऱ्या असूनही पत्र खोटे ठरते, आणि वाचणारा पाच महिने भलत्याच गोष्टीवर मेहनत करतो. फळ्यावर ते वाक्य लिहिणारी मी यावर म्हणाली असती की निदान त्या वह्या तरी भरल्या गेल्या, त्यातून काही शिकणे झालेच असेल. असेल. पण हे मी त्यांच्या तोंडावर म्हणू शकले नसते.

सध्या, कोणी मागितलीच तर, मी त्यांची तपासलेली प्रत आणि उत्तरसूची शेजारी शेजारी ठेवून पाठवते, शेरा न लिहिता. ‘फारच कोरडे आहे’ असे कळवणारे आहेत, आणि ते बरोबर आहेत. जागा दुसऱ्या कारणाने भरली असेल तर तसे एका ओळीत लिहावे, असे ठरवले होते. ते आजवर दोनदाच जमले.

उतारा बदललेला नाही. जाऊ आणि एकादशी मी तशीच ठेवली आहे, फक्त उत्तरसूचीत आता ३२ नोंदी आहेत. परभणीला मात्र ते कळवलेले नाही.