फ्रीजसमोरची चप्पल

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजसमोर एक निळी स्लिपर कायम पडलेली असायची. आठ-नऊ वर्षं तरी. पाहुण्यांपैकी कुणी गार पाणी घ्यायला उठलं की सासूबाई माजघरातून ओरडायच्या, "अगं, चप्पल घालून उघड गं, मुंग्या येतात!" आणि पाहुणीही मुकाट चप्पल घालायची. बहुतेकांच्या घरी असंच काहीतरी असतं, त्यामुळे नवल कुणालाच वाटायचं नाही.

त्या मुंग्यांचा छडा लागला तो नव्या फ्रीझरमुळे. मी घरून पदार्थ करून देते. थंडीत मटार आणि सोलाणे, दिवाळीच्या आगेमागे सीताफळाचा गर, मे महिन्यात आमरस, सणावाराला पुरणाचे गोळे. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हे किती मावणार? आडव्या पेटीसारख्या डीप फ्रीझरमध्ये तळाशी गेलेलं पाकीट काढायचं तर कमरेत वाकून डोकं आत घालावं लागतं, आणि माझे गुडघे व कंबर दोघंही आता माझं ऐकत नाहीत. म्हणून उभा घेतला, १८० लिटरचा, ड्रॉवरवाला.

आमचं घर पंचवटीत, काळारामाच्या मागच्या अंगाला. बोळ इतका अरुंद की समोरून रिक्षा आली तर ओट्यावर चढायचं. टेंपो पंचवटी कारंजापाशीच थांबला आणि तिथून फ्रीझर हातगाडीवर आला, चक्क आडवा, पालखीत झोपल्यासारखा. मी दुकानात दोनदा सांगितलं होतं की उभाच आणा. खोक्यावर वर तोंड केलेले बाण छापलेले होतेच. पण बोळात वर लोंबणाऱ्या केबलच्या वायरींत अडकतो म्हणून पोरांनी आडवा केला.

बरोबरच्या मुलाला घाई. "काकू, लावून दाखवतो, चालू झाला की सही करा." मी म्हटलं, सही करते पण लावायचा नाही. कॉम्प्रेसरच्या बुडाशी तेल असतं. फ्रीझर आडवा झाला की ते गॅसच्या नळ्यांत उतरतं, आणि तसाच चालू केला तर कॉम्प्रेसर बिनतेलाचा फिरतो. किती तास उभा ठेवायचा ते त्या त्या कंपनीच्या पुस्तिकेत असतं. मी पूर्ण २४ तास ठेवला. सहीपुढे "आडवा आणला" असंही लिहिलं. त्याचं तोंड पडलं, पण उद्या काही झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ?

ह्यांच्या मनात तो जिन्याखालच्या कोनाड्यात बसवायचा होता. मापात अगदी फिट बसत होता, आणि नेमकं तेच नको होतं. हल्लीच्या फ्रीझरच्या बाजूचे पत्रेच गरम होतात, आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. कोनाड्यात कोंबला की ती जायची कुठे? शिवाय आत आर ६०० ए नावाचा गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या भावकीतला. असतो थोडासाच, पण पेट घेणारा. म्हणून भोवती हवा खेळती हवी, आणि बर्फ जमला तर सुरीने खरवडायचा नाही. (आमच्याकडे जुन्या फ्रीजचा बर्फ उलथन्याने काढायचे. नावं घेत नाही.) शेवटी माजघरात, चुलीपासून आणि उन्हापासून लांब, खांबाशेजारी जागा ठरली.

घ्यायला जाल तेव्हा मागचं लेबल नक्की वाचा. त्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. "एसटी" असेल तर तो ३८ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, "टी" असेल तर ४३ पर्यंत. नाशिक थंड हवेचं म्हणून आपण मिरवतो, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतोच. तेव्हा ही एसटी आपल्या कामाची नाही.

जमीन शहाबादी फरशीची, म्हणजे चार कोपऱ्यांच्या चार तऱ्हा. खाली विटा किंवा पाट सरकवायचा मोह होतो, तो टाळला. पायांचे स्क्रू फिरवून, पाणसळ ठेवून समतल केला आणि पुढचे पाय किंचित वर ठेवले, म्हणजे दार आपोआप मिटतं. नात दोन वर्षांची आहे, दार दिसलं की लोंबकळणारी. फ्रीझर पुढे कलंडू नये म्हणून वरून पट्टी मारायची होती, पण आमच्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरेना, नुसती पांढरी माती भुरभुर गळायला लागली. शेवटी पट्टी लाकडी खांबाला मारली. जड सामान खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं तेही याचसाठी.

आता वीज. फ्रीझरची पिन तीन पायांची, आणि माजघरात सगळे बोर्ड दोन भोकांचे. जाताना तो मुलगा म्हणालाच होता, "काकू, दोन पिनचा अ‍ॅडॅप्टर लावा, काही होत नाही." पण तिसरी पिन मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते. ती आधी आत जाते आणि शेवटी बाहेर येते, म्हणजे यंत्राला करंट मिळायच्या आधी त्याचा पत्रा जमिनीला जोडला गेलेला असतो. ती टाळायची म्हणजे दाराला कडी असून न लावण्यासारखं. एक्स्टेंशन बोर्डालाही मी नाही म्हटलं आणि वायरमनदादांना बोलावलं.

दादा आले ते फ्रीझरकडे न बघता आधी स्लिपरकडे बघून. "ही इथे का?" सासूबाईंनी मुंग्यांचं सांगितलं. त्यांनी खिशातला टेस्टर काढून फ्रीजच्या दाराच्या स्क्रूला टेकवला. आतला दिवा मंद लाल लागला. मग काही न बोलता मोरीत गेले आणि नळाच्या तोटीला टेकवला. तिथेही लागला.

हे आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. दादांनी मेन बंद केला, फ्रीजचा बोर्ड उघडला आणि हिरवी वायर बोटाने धरून तिच्या मागे मागे गेले. ती खिडकीच्या चौकटीतून बाहेर पडून मागच्या भिंतीवर उतरली होती आणि नळाच्या लोखंडी पाइपला गंजक्या क्लॅम्पने आवळलेली होती. पाइप जेमतेम वीतभर. त्याच्या वर आमची तोटी, खाली पांढरा प्लॅस्टिकचा पाइप.

पूर्वी घरोघरी पाण्याच्या लोखंडी पाइपलाच अर्थिंग देऊन टाकायचे, पाइप जमिनीत गेलेला म्हणून. आम्ही मोरी नवी केली तेव्हा प्लंबरने गंजलेला पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला. आम्हीच सांगितलं होतं. त्या दिवशी घराचं अर्थिंग गेलं आणि कुणाला पत्ता लागला नाही. फ्रीजमधून थोडीशी गळणारी वीज जमिनीत जायच्या ऐवजी हिरव्या वायरीतून नळाच्या तोटीत येऊन बसली.

आमच्या पायात चप्पल होती. भांडी घासायला येणाऱ्या मावशी मात्र ओल्या मोरीत अनवाणी बसतात. त्यांनी दोन-तीनदा सांगितलंही होतं, "वहिनी, तुमच्या नळाला मुंग्या येतात." आम्ही हसलो होतो. सासूबाई म्हणाल्या होत्या, थंडीमुळे होत असेल.

मागच्या परसात खड्डा करून अर्थिंगचा नवा रॉड पुरला. तिथून जाड हिरवी वायर मेन बोर्डापर्यंत, आणि फ्रीझरसाठी वेगळी लाइन, १६ अँपिअरच्या पॉवर प्लगची. त्या लाइनला स्वतःचा एमसीबी, म्हणजे जादा करंट ओढला गेला की पडणारा स्विच, आणि स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की क्षणात पुरवठा तोडणारा स्विच. उरलेल्या घराला दुसरा. वेगळा का, तर गीझरने कधी घराचा स्विच पाडला तर माझ्या मटाराचं पाणी व्हायला नको. दादांनी होल्डरला लावलेला साधा बल्ब फेज आणि नव्या अर्थच्या मध्ये धरला, तो लख्ख पेटला. आरसीसीबी बसवल्यावर पुन्हा तसाच धरला, तर पेटायच्या आतच खट्कन सगळं बंद. हे त्यांनी करायचं काम, आपण नाही. खर्च फ्रीझरच्या किमतीच्या मानाने बोचला, खोटं कशाला बोलू. ह्यांनी दोन दिवस बिल खिशात बाळगलं.

चोवीस तासांनी रिकामाच चालू केला. आत उणे १८ झाल्यावर मटार घातले, तेही एकदम नाही, रोज थोडे थोडे, नाहीतर आधीच्या पाकिटांनाही ऊब लागते. एका वाटीत पाण्याचा बर्फ करून वर रुपया ठेवलाय. गावाहून आल्यावर रुपया तळाशी दिसला तर समजायचं की मध्ये वीज जाऊन सगळं वितळलं होतं, माल टाकायचा. दार उघडलं नाही तर गच्च भरलेला फ्रीझर विजेशिवाय साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. मी मोरीच्या दारात उभी राहून म्हटलं, "मावशी, नळ दुरुस्त केलाय. तुम्ही खरं सांगत होतात." त्या काही बोलल्या नाहीत. तापलेल्या तव्याला लावतो तशी बोटांची मागची बाजू तोटीला लावून बघितली, परत एकदा लावली, मग नळ सोडला.

"आता नाही येत," म्हणाल्या, आणि राखेचा डबा पुढे ओढला.