रिमोट हरवलेल्या अँपला नवा रिमोट शिकवणे

सेकंडहँड अँप्लिफायर घेणाऱ्यांचं दुखणं ठरलेलं आहे, डबा मिळतो, वायरी मिळतात, रिमोट काही मिळत नाही. विकणारा म्हणतो "घरात असेल कुठेतरी, सापडला की पाठवतो", तो कधी सापडत नाही. मग आपण युनिव्हर्सल रिमोट आणतो, त्यासोबत मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला कोडचा कागद येतो, त्यात टीव्हीच्या कंपन्या शंभर आणि ऑडिओला दोन ओळी. सेट दाबून धरा, लाइट लागला की कोड टाका, व्हॉल्यूम दाबून बघा, नाही चाललं तर पुढचा टाका. अख्खी संध्याकाळ जाते आणि अँप ढिम्म.

माझं म्हणणं असं की कोडची यादी सोडा आणि आपला डबा कुठला प्रोटोकॉल (म्हणजे सिग्नलची भाषा) ऐकतो ते आधी बघा. ऑडिओत फिरून फिरून बहुतेक तीनच भेटतात, सोनीचा एसआयआरसी, फिलिप्सचा आरसी-५ आणि बाकी बऱ्याच जणांचा एनईसी. तिन्हीत मामला तोच, डोळ्याला न दिसणाऱ्या (इन्फ्रारेड) प्रकाशाचा एलईडी सेकंदाला ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकतो आणि हे लुकलुकणं किती वेळ चालू आणि किती वेळ बंद यावरून आकडे बनतात. त्या आकड्यात दोन गोष्टी असतात, पत्ता (कुठल्या डब्याला) आणि कमांड (काय कर). बास.

माझ्याकडचा जुना सोनीचा स्टिरिओ अँप. सोनीत १२ बिट (शून्य किंवा एक असे १२ आकडे), ७ कमांडचे आणि ५ पत्त्याचे, कॅरियर (लुकलुकण्याचा वेग) ४० किलोहर्ट्झ. सुरुवातीला २.४ मिलिसेकंदाचा लांब ठोका, मग १ असेल तर १.२ मिलिसेकंद आणि शून्य असेल तर ०.६. अँपचा पत्ता १६, व्हॉल्यूम वाढव १८, कमी कर १९, म्यूट २०, पॉवर २१. म्हणजे ओरिजिनल रिमोट हातात नसला तरी हे एवढे आकडे पुरतात, कागदावरच्या यादीची गरजच नाही.

आता हे आकडे रिमोटमध्ये घालायचे कसे? इथे एक जुगाड आहे जो मला फार आवडतो. बाजारात लर्निंग रिमोट मिळतात, त्यांच्यासमोर ओरिजिनल रिमोट धरून बटण दाबलं की ते कॉपी करतात. ओरिजिनल नाही? मग आर्डुइनोला (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड) ओरिजिनल बनवायचं. पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन एक आर्डुइनो नॅनो बोर्ड, इन्फ्रारेड एलईडी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि एक-दोन रेझिस्टर घ्यायचे ("दादा, सतरा अडतीस पण द्या एक", तो रिसीव्हर, टीएसओपी १७३८, पुढे लागतो). केन शिरिफ यांनी सुरू केलेली आयआररिमोट लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा संच) त्यात टाकायची, पत्ता १६, कमांड १८, पाठव. अँपसमोर धरलं आणि व्हॉल्यूमची मोटरवाली नॉब आपोआप गर्रकन फिरली ना, की जीव भांड्यात पडतो. मग तोच एलईडी लर्निंग रिमोटच्या नाकासमोर धरायचा, दोन-तीन इंचांवर, आणि एकेक बटण शिकवायचं. ट्यूबलाइट, सीएफएल बंद करून करा, त्यांचा इन्फ्रारेड कचरा मधे मधे घुसतो.

एलईडी पेटतोय का हे मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतं, जांभळट ठिपका. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीवाल्यात बघा, मागच्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो.

सोनीची एक खोड आहे, ती लोकांना छळते. तो कोड एकदा पाठवून भागत नाही, ४५ मिलिसेकंदांच्या अंतराने निदान तीनदा जायला लागतो, नाहीतर डबा दुर्लक्ष करतो. लर्निंग रिमोटने जर एकच तुकडा पकडला असेल तर कोड अचूक असूनही काही होत नाही आणि माणूस म्हणतो रिमोट बंडल आहे. शिकवताना आर्डुइनोकडून सलग पाच-सहा वेळा पाठवत ठेवा, मग तो नीट घेतो.

आरसी-५ चं नाटक वेगळंच. फिलिप्सचे सीडी प्लेयर आणि आर्कम, केंब्रिज ऑडिओसारखे ब्रिटिश डबे बऱ्याचदा हे वापरतात. ३६ किलोहर्ट्झ, १४ बिट, प्रीअँपचा पत्ता १६, सीडीचा २०, व्हॉल्यूम १६ आणि १७, प्ले ५३, स्टॉप ५४. यात एक टॉगल बिट असतो, बटण सोडून परत दाबलं की तो उलटा होतो, म्हणजे डब्याला कळतं की हे नवीन दाबणं आहे, बोट ठेवून बसलेलं नाही. लर्निंग रिमोट डोळे झाकून कॉपी मारतो, त्यात तो बिट गोठलेलाच राहतो. मग काय होतं, नेक्स्ट ट्रॅक दाबला की पुढचं गाणं लागतं, परत दाबला की काहीच नाही, मधे दुसरं एखादं बटण दाबलं की परत चालतं. हे बघून लोक सीडी प्लेयर रिपेअरला नेतात! सीडी प्लेयर ठणठणीत असतो. अशा ठिकाणी कॉपी मारणारा रिमोट नको, प्रोटोकॉल समजणारा पाहिजे, किंवा मग आर्डुइनोच कायमचा बॉक्समध्ये ठेवून द्यायचा, लायब्ररी टॉगल आपोआप सांभाळते.

एनईसी सगळ्यात सोपा. ९ मिलिसेकंदाचा ठोका, साडेचारची शांतता, मग ३२ बिट, त्यात पत्ता आणि त्याचा उलटा, कमांड आणि तिचा उलटा, म्हणजे चुकलं की लगेच कळतं. बटण दाबून धरलं तर पूर्ण कोड परत जात नाही, फक्त "तेच चालू आहे" असा छोटा सिग्नल जातो. पण स्वस्तातल्या डब्यांनी याची पार वाट लावलीये, बरेचसे पत्ता शून्यच वापरतात. असेंबल केलेल्या अँपमध्ये जो ब्लूटूथ-यूएसबीचा बोर्ड लावतात त्याचा पत्ता शून्य, आणि रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीचा जो ४४ बटणांचा रिमोट येतो त्याचाही शून्य. आमच्याकडे गणपतीत मखराला ती पट्टी लावली होती, आई मखराचा रंग बदलायला जाई आणि आरती मधेच पुढच्या ट्रॅकवर उडी मारे. "अरे, याला काय झालंय?" काही नाही, दोघं एकाच नावाला ओ देतायत. उपाय गावठीच, बोर्डाच्या सेन्सरवर काळी टेप.

पॉवर बटणाबद्दल एक सांगतो. रिमोटवरचं पॉवर म्हणजे चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. एका बटणात टीव्ही, अँप, सेटटॉप बॉक्स सगळं चालू करणारा मॅक्रो बनवला की हमखास एक उलटा पडतो, टीव्ही चालू आणि अँप बंद. म्हणून नुसतं चालू आणि नुसतं बंद असे सुटे कोड शोधा. सोनीच्या टीव्हीत ते ४६ आणि ४७ आहेत, रिमोटवर त्याचं बटणच नसतं पण टीव्ही ऐकतो. कंपन्या हे बटण का देत नाहीत देव जाणे. अ‍ॅपल सुरू करणाऱ्यांपैकी एक, त्या वॉझ्निआकने १९८७ मध्येच कोअर नावाचा शिकणारा रिमोट काढला होता, तरी अजून सोफ्यावर चार-चार रिमोट पडलेले असतात.

आयआर ब्लास्टर (इन्फ्रारेड सोडणारा एलईडी) असलेला फोन असेल तर अ‍ॅपने सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथेही यादीच असते, जुना डबा बहुतेक नसतो. आणि पाहुणे आले की फोन कोणाच्या हातात द्यायचा हा प्रश्न असतोच.

हे सगळं ३६ ते ४० किलोहर्ट्झवाल्यांसाठी. ओरिजिनल रिमोट असेल आणि आत काय चाललंय ते वाचायचं असेल तर सतरा अडतीस पुरतो, सोनीचा ४० सुद्धा जवळून पकडतो, रेंज तेवढी कमी होते. पण तुमच्याकडे बँग अँड ओलुफसन कंपनीचा डबा असेल तर तिथे ४५५ किलोहर्ट्झ चालतं, सतरा अडतीसला त्यातलं काही ऐकू येत नाही आणि साधे लर्निंग रिमोटही तिथे हात टेकतात, त्याला खास ४५५ चा रिसीव्हरच लागतो.