कामाची वही: चढावर मरणारी ४८ व्होल्टची स्कूटर

गाडी कमी वेगाची आहे. २५० वॅटची हब मोटर (चाकातच बसवलेली), फूटबोर्डाखाली १२ व्होल्ट २८ अँपिअर-तासाच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये. सपाटीला तक्रार नाही. दहा-अकरा किलोमीटर झाल्यावर पुण्यात पौड रोडकडून चांदणी चौकाचा चढ लागला की दोन हिसके देते आणि मरते. मिनिटभर थांबून चावी बंद-चालू केली की निघते, शंभर मीटरवर पुन्हा तेच.

पहिली फेरी: उभ्या गाडीवर

रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून तीन तासांनी घेतलेली चार बॅटऱ्यांची मापं, व्होल्टमध्ये: अ १२.९३, ब १२.९१, क १२.८४, ड १२.९२. एकूण ५१.६. एवढं पाहून कुणीही "बॅटऱ्या ओके" म्हणेल. मेन स्टँडवर चाक फिरवूनही काही कळत नाही, कारण रिकामं चाक जेमतेम दीड अँपिअर ओढतं. ब्रेक दाबून लोड देऊ म्हणाल, तर लिव्हरमधला कट-ऑफ स्विच मोटरच बंद करतो. तेव्हा मीटर गाडीवर बांधून चढावर जाण्याला पर्याय नाही.

त्याआधी दोन स्वस्त संशयित बाद केले. ब्रेक स्विचचा कनेक्टर काढून गाडी नेली, तरी मेली. थ्रॉटलची (वेगाच्या मुठीची) सिग्नल वायर ०.९ पासून ३.७ व्होल्टपर्यंत एकसारखी चढते, मध्ये कुठे तुटत नाही. सोपी खूण अशी: मोटर बंद पडताना व्होल्टेज जागेवर असेल तर दोष ब्रेक स्विच, थ्रॉटल किंवा हॉल सेन्सरकडे (मोटरमधला, चाकाची स्थिती सांगणारा), व्होल्टेज कोसळलं असेल तर बॅटरी आणि वायरिंगकडे.

दुसरी फेरी: लोडवर

प्रत्येक बॅटरीला एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावला आणि चारही हँडलला टेपने चिकटवले. मीटर दोन वायरींचेच घ्या. तीन वायरींच्या मीटरांत सप्लाय आणि सिग्नल यांचं निगेटिव्ह एकच असतं. असे चार मीटर एका सप्लायवर जोडले तर सिरीजमधल्या बॅटऱ्या त्या बारीक वायरींतून शॉर्ट होतात. बॅटरीकडच्या टोकाला प्रत्येक वायरीत एक अँपिअरचा फ्यूज हवाच.

चढावर डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) १८ अँपिअर दाखवत असताना, मरण्याच्या क्षणी:

अ ११.९२, ब ११.८८, क ७.२, ड ११.९०. बेरीज ४२.९.
कंट्रोलरच्या (बॅटरीतून मोटरला करंट देणाऱ्या डब्याच्या) इनपुटला ४१.६.

कंट्रोलरच्या स्टिकरवर कट-ऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजखाली तो मोटर बंद करतो ते, ४२±०.५ आहे, म्हणजे तो त्याचं काम चोख करतोय. लोड सुटल्यावर काही सेकंदांतच क पुन्हा १२ च्या वर जाते. दुकानात नेईपर्यंत सगळं नॉर्मल दिसतं ते यामुळेच.

क बसली आहे हे उघड आहे, पण नुसत्या क-मुळे गाडी मरत नव्हती. बेरीज ४२.९ आणि कंट्रोलरला ४१.६, मग मधले १.३ व्होल्ट कुठे गेले?

तिसरी फेरी: जोड

मल्टीमीटर २ व्होल्टच्या रेंजवर, एक प्रोब जोडाच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि तोच चढ पुन्हा पुन्हा. कंटाळवाणं काम, पण याला तोड नाही. एमसीबीवर (बॅटरीच्या मेन स्विचवर) ०.५८ व्होल्ट, क आणि ड जोडणाऱ्या वायरीच्या थिंबलवर (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर) ०.४१. बाकीचे सगळे जोड, फ्यूज आणि वायर मिळून ०.३१. नुसत्या वायरीला दोष देऊ नका: ६ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर मीटरला साधारण ३ मिलिओहम, म्हणजे दोन मीटरला १८ अँपिअरवर ०.११ व्होल्टच जातो.

०.५८ गुणिले १८ म्हणजे दहा वॅट उष्णता, तीही एमसीबीच्या पोटात. बोटाने कळते. तो घरगुती एसी एमसीबी होता. डीसीत ठिणगी लवकर विझत नाही, म्हणून लोडवर दर वेळी बंद करताना त्याचे कॉन्टॅक्ट खात जातात. शिवाय चालू करताना कंट्रोलरचे कपॅसिटर एकदम भरतात, तेव्हाही चटका बसतोच. थिंबल उघडलं तर आत हिरवट बुरशीसारखा थर. पावसाचं पाणी बॅटरीच्या पेटीत शिरलेलं, आणि क्रिम्प (थिंबल वायरीवर दाबून केलेला जोड) पकडीने चेपलेला.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून टिनचं कोटिंग असलेली तांब्याची थिंबलं आणि डीसी रेटिंगचा दोन पोलचा एमसीबी आणला. सगळी थिंबलं षटकोनी डायने क्रिम्प केली, वर हीट श्रिंक. टर्मिनल घासून नट आवळल्यावर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला, आधी नाही. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळून घ्या, अंगठी-घड्याळ काढून ठेवा, आणि सिरीजची मधली वायर सगळ्यात आधी सोडा.

यानंतर त्याच चढावर गाडी मेली नाही. इथेच थांबायचा मोह होतो. पण क तशीच ठेवली तर आणखी खाली जाऊन तिचा एखादा सेल उलटा चार्ज होऊ लागला असता.

चौथी फेरी: बल्ब टेस्ट

६०/५५ वॅटचा हेडलाइट बल्ब, दोन्ही फिलामेंट एकदम, साधारण ९.५ अँपिअर. पूर्ण चार्जपासून १०.५ व्होल्टपर्यंतचा वेळ: अ २ तास ५ मिनिटं, ब २ तास १ मिनिट, ड १ तास ५७ मिनिटं, क ४१ मिनिटं.

क सुटी चार्ज केली: १४.४ व्होल्ट, करंट ०.३ अँपिअरखाली येईपर्यंत. ५२ मिनिटं. आणखी दोन फेऱ्यांनी ५८. सल्फेशन (प्लेटांवर साचलेला सल्फेटचा थर) थोडं निघालं, पण एवढ्यावर ती बाकीच्यांच्या पंगतीत बसत नाही. बाद.

तिच्या जागी कोरी बॅटरी घालू नये असं आमचं मत. जुन्या तीन लवकर रिकाम्या होतात, आणि चार्जरला चौघींची बेरीजच दिसत असल्यामुळे कुणाला जास्त, कुणाला कमी मिळतं. दुसऱ्या सेटमधली त्याच आकाराची वापरलेली बॅटरी बल्बवर १ तास ५२ मिनिटं चालली, ती बसवली.

लिथियम पॅकवाल्यांसाठी एवढंच: तिथे बीएमएसने (पॅकमधल्या संरक्षक सर्किटने) कट केलं तर आउटपुटचं व्होल्टेज जवळपास शून्यावर जातं. कंट्रोलरने केलं तर पॅकचं व्होल्टेज आउटपुटला तसंच राहतं.

आजची मापं

तोच चढ, अकरा किलोमीटरनंतर, १८ अँपिअर: ११.९३, ११.९०, ११.७८, ११.८८. बेरीज ४७.४९, कंट्रोलरला ४७.१. जोडांतली घट १.३ वरून ०.३९ वर.

राहिलं ते चार्जरचं. एकूण ५८.८ दाखवतोय, ते ठीक. चार्जिंग संपताना चारही बॅटऱ्या १४.५ ते १४.९ च्या आत राहतात का, ते पुढचे पाच चार्ज टिपायचे आहेत. आता बसवलेली क १४.४ च्या खाली अडली तर ती दर आठवड्याला सुटी चार्ज करावी लागेल.