वायार्ताचा समुद्र सगळ्यांचा आहे

मेक्सिकोत समुद्रकिनारा कुणाच्या खासगी मालकीचा होऊ शकत नाही. भरतीच्या रेषेपासून आतली वीस मीटरची पट्टी देशाची. हॉटेलवाल्याला तिथे खुर्च्या मांडायचा परवाना मिळतो, पण त्याच खुर्च्यांसमोर कुणी आपली चटई अंथरली तर त्याला ‘ऊठ’ म्हणता येत नाही. किनाऱ्याची वाट अडवणाऱ्याला जबर दंड करण्याची दुरुस्ती २०२० मध्ये कायद्यात झाली. हा कायदा सगळीकडे पाळला जातो असं नाही. पण रविवारी दुपारी पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या पुएर्तो वायार्ता या शहरात गेलात, तर तो डोळ्यांसमोर उभा राहतो.

लोस मुएर्तोस नावाच्या तिथल्या सगळ्यात गजबजलेल्या किनाऱ्यावर एका बाजूला कॅनडाहून थंडी चुकवायला आलेले पेन्शनर छत्रीखाली वाचत पडलेले असतात. त्यांच्यापासून दोन हातांवर पिटियाल या कामकऱ्यांच्या वस्तीतून आलेलं अख्खं खटलं बसलेलं असतं. आजीसाठी घरूनच आणलेली प्लास्टिकची खुर्ची, बर्फाची पेटी, भाजलेली कोंबडी, फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया. पोरं लाटांत, जावई झोपलेला, आजी पायाला पाणी लागेल इतकी पुढे सरकून बसलेली. मधूनच ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि मोठा ढोल घेतलेला बँड येतो, पैसे ठरतात आणि वाळूतच नाच सुरू होतो. कॅनडावालेही पुस्तक मिटून बघायला लागतात.

आम्ही ग्वादालाहाराला राहतो. नवऱ्याची आयटीतली नोकरी तिथे आहे, आणि आमच्यासारखी बरीच भारतीय कुटुंबं तिथे स्थिरावली आहेत. ग्वादालाहारा दीड हजार मीटर उंचीवर, कोरड्या हवेचं. वायार्ता त्याच हालिस्को राज्याचा समुद्र. शहर सोडलं की निळसर अगाव्हेची शेतं लागतात, ज्यापासून तेकिला बनते. मग सिएर्रा माद्रेचे डोंगर उतरायला लागतात, झाडी दाट होते, बसच्या काचेवर दमटपणा जमतो. माझं माहेर मालवणचं. हवेत तो दमटपणा आला की मला बरं वाटायला लागतं, आणि ते मी कुणाला समजावून सांगत बसत नाही.

वायार्ता साधारण २०.६ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे डहाणूच्या जरा वर. पाठीशी डोंगर, समोर पश्चिमेचा समुद्र, जून ते ऑक्टोबर पाऊस. त्यामुळे झाडंही ओळखीची निघतात. किनाऱ्यावर देशी बदाम, रस्त्याकडेला मे-जूनमध्ये पेटलेला गुलमोहर, भिंतींवर बोगनवेल, आंबा, चिंच आणि अर्थातच माड.

या माडांविषयी जरा सविस्तर सांगायचंय. मालेकोन म्हणजे समुद्रालगतचा फिरायचा रस्ता. तिथे संध्याकाळी खांद्यावरच्या काठीला मोठा भोपळा अडकवलेले विक्रेते उभे असतात. त्यांच्याकडे मिळते ती तुबा. माडाची पोय उघडण्याआधी तिचं टोक कापायचं, झिरपणारा रस गोळा करायचा, आंबायच्या आत प्यायचा. आपल्याकडे भंडारी आणि गोव्यात रेंदेर पिढ्यान्‌पिढ्या करत आले, तेच काम. इथे पेल्यात सफरचंदाचे बारीक तुकडे आणि अक्रोड घालून देतात. पहिला घोट घेतल्यावर मी विक्रेत्याला विचारलं, हे कुठून आलं? तो म्हणाला, ‘कोलिमाहून, दक्षिणेला.’ त्याचं बरोबरच होतं, पण त्यामागचा प्रवास बराच लांबचा आहे.

१५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पेनची गलबतं फिलिपिन्समधलं मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यामध्ये पॅसिफिक ओलांडून ये-जा करत होती. मेक्सिकोची चांदी तिकडे जायची. चिनी रेशीम, चिनी मातीची भांडी, भारतातलं सुती कापड इकडे यायचं. त्या गलबतांवर राबणारे अनेक खलाशी फिलिपिनो होते. परतीचा भयंकर प्रवास टाळून त्यातले कित्येक याच किनाऱ्यावर राहिले, कोलिमा भागातल्या नारळाच्या बागांत कामाला लागले, आणि रस काढायची कला त्यांनी इथे रुजवली. माडापासूनची दारू इतकी खपायला लागली की स्पेनहून येणाऱ्या मद्याचा धंदा बसतो म्हणून सतराव्या शतकात तिच्यावर बंदी घालण्याचे हुकूम निघाले. दारू मागे पडली, गोड तुबा टिकली. नारळाच्या जनुकीय अभ्यासात या किनाऱ्यावरचे माड फिलिपिन्सच्या माडांचे वंशज निघाले आहेत. आपल्या कोकणातले माड हिंदी महासागराकडच्या दुसऱ्या शाखेचे. पेल्यातला रस चाखून मात्र हा फरक मला सांगता आला नसता.

शहर स्वतः त्या मानाने नवं. १८५१ मध्ये डोंगरातल्या चांदीच्या खाणींना मीठ पुरवणाऱ्या ग्वादालुपे सान्चेस तोर्रेस यांनी क्वाले नदीच्या मुखाशी वस्ती केली. खनिजातून चांदी वेगळी करायला तेव्हा मीठ लागायचं. गावाचं नाव तेव्हा लास पेन्यास होतं. १९१८ मध्ये नगरपालिका झाली आणि हालिस्कोचे एकेकाळचे गव्हर्नर इग्नासिओ वायार्ता यांचं नाव मिळालं. १९६३ मध्ये शेजारच्या मिस्मालोयाला एका हॉलिवूड चित्रपटाचं चित्रीकरण झालं. नायक रिचर्ड बर्टनबरोबर एलिझाबेथ टेलरही येऊन राहिली, त्यांच्या प्रेमाची बातमी करायला जगभरचे पत्रकार धावले आणि आडबाजूचं हे गाव नकाशावर आलं. पुढे रस्ते झाले, विमानतळ झाला, हॉटेलांची रांग लागली.

मला त्या चित्रपटाच्या गोष्टीपेक्षा २०११ मधला एक निर्णय जास्त मोलाचा वाटतो. त्या वर्षी मालेकोनच्या जुन्या भागातून गाड्या बंद केल्या. समुद्राला लागून जवळपास एक किलोमीटर नुसतं चालायला मिळालं. आता तिथे संध्याकाळी बाबागाडी ढकलणारे आईबाप, शाळेच्या गणवेशातली मुलं, कणीस विकणाऱ्या बायका, सागरी घोड्यावर बसलेल्या मुलाच्या ब्राँझच्या पुतळ्याजवळ फोटो काढणारी नवी जोडपी. उंच खांबावरून पायाला दोर बांधून चार जण गिरक्या घेत खाली येतात, पाचवा वर उभा राहून बासरी वाजवतो. हे व्होलादोरेस. प्रत्येकाच्या तेरा गिरक्या, चौघांच्या मिळून बावन्न, जुन्या पंचांगातल्या बावन्न वर्षांच्या चक्रासाठी. ही परंपरा मुळात पलीकडच्या वेराक्रूस राज्यातली. युनेस्कोने २००९ मध्ये तिची नोंद घेतली. चौकात पालिकेचा बँड वाजतो त्या संध्याकाळी साठी-सत्तरीतली जोडपी दान्सोन नाचतात. इस्त्रीचा शर्ट, हातात पंखा, पाय अगदी मोजून पडणारे. नवरा-बायकोनं म्हातारपणी असं चारचौघांत नाचावं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटू नये, हे बघून मला दरवेळी भरून येतं.

डिसेंबरच्या पहिल्या बारा दिवसांत गेलात तर याहून मोठं काही दिसेल. बारा डिसेंबर हा ग्वादालुपेच्या मातेचा, म्हणजे इथल्या मेरीमातेचा दिवस. डोक्यावर मुकुट असलेलं तिचं देऊळ गावाच्या मध्यात आहे. एक तारखेपासून रोज संध्याकाळी तिच्याकडे मिरवणुका निघतात: हॉटेलचे कामगार, टॅक्सीवाले, बँकेतले कारकून, दवाखान्यातल्या नर्सेस, वाड्यावस्त्या, शाळा. प्रत्येक गटाचा सजवलेला ट्रक, पुढे पिसांचे मुकुट घालून नाचणारे, मागे मेणबत्त्या आणि गाणी. आषाढात दिंड्यांमागून दिंड्या गावात शिरतात तसं वाटतं. जो पोऱ्या सकाळी हॉटेलात बॅगा उचलत होता तो संध्याकाळी डोक्यावर पिसं लावून देवळापाशी नाचत असतो. त्या आठवड्यात हे शहर कुणाचं आहे ते नीट कळतं.

खाण्याचं सांगते. मासे खाणाऱ्यांनी सारान्देआदो सोडू नये. तांबोशीसारखा मोठा मासा पाठीतून उघडायचा, मिरचीचं लाल वाटण चोपडायचं आणि जाळीच्या चिमट्यात धरून निखाऱ्यावर भाजायचा. ही शेजारच्या नायारित राज्याची देणगी. किनाऱ्यावर काठीला खोचून भाजलेले मासे आणि कोळंबी लिंबू पिळून मिळतात, आणि उभ्याउभ्या खाल्ल्या जातात. शाकाहारी लोकांनी उपाशी राहायचं कारण नाही, पण एक लक्षात ठेवा: राजम्यासारखे घट्ट फ्रिहोलेस बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबीशिवाय, एवढं आधी विचारून घ्या. निवडुंगाच्या फोडी परतून केलेले ताको, लिंबू-तिखट लावलेला आंबा, चिंचेचं आणि लाल अंबाडीच्या जातीच्या फुलांचं सरबत, यावर माझी शाकाहारी नणंद मजेत राहिली.

समुद्रात जायचं तर दोन ऋतू वेगळे. डिसेंबर ते मार्च हंपबॅक व्हेल बान्देरासच्या या उपसागरात येतात, विणीसाठी आणि पिल्लांसाठी. परवाना असलेली नाव घ्या. ती अंतर राखते. पाण्याखालचा माइक असेल तर नराचं गाणं ऐकायला मिळतं. दुसरा हंगाम कासवांचा. जुलै ते डिसेंबर ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वाळूत अंडी घालतात. होय, तीच कासवं, जी आपल्या वेळासला आणि गुहागरला येतात. मेक्सिकोत एकेकाळी कातड्यासाठी आणि अंड्यांसाठी त्यांची बेसुमार कत्तल झाली. १९९० मध्ये समुद्री कासवं मारण्यावर संपूर्ण बंदी आली. आता घरटी कुंपणाच्या हॅचरीत हलवतात आणि संध्याकाळी पिल्लं सोडतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन हेच केलं. इथल्या एका स्वयंसेविकेला मी मोबाइलवर वेळासचे फोटो दाखवले, तेव्हा तिने हातातलं काम थांबवून बाकीच्यांना बोलावलं. आमच्या गावचीच माणसं भेटल्यासारखी ती सगळी माझ्याभोवती जमली आणि घरट्यावर जाळी कशी लावता, अंडी किती खोल पुरता, असे प्रश्न सुरू झाले.

सगळं गोड आहे असं लिहिणं खोटं ठरेल. देवळाच्या दक्षिणेला नदीपलीकडे जो जुना मोहल्ला आहे, जिथे जगभरातून समलिंगी जोडपी निर्धास्तपणे सुट्टीला येतात, तो मला फार आवडतो. पण तिथे घरापाठी घर पाडून उंच इमारती उठत आहेत. किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला थेट जमीन घेता येत नाही, तरी बँकेच्या विश्वस्त निधीमार्फत फ्लॅट घेता येतो. डॉलरमध्ये भाडं देणारे आले की पेसोत पगार घेणाऱ्याला डोंगराकडे सरकावं लागतं. टेबल पुसणारी, खोल्या आवरणारी माणसं आता लांबून बसने येतात. वाळू कायद्याने सगळ्यांची राहिली, पण वाळूपर्यंत चालत पोचणाऱ्यांची संख्या घटली तर तो रविवार किती काळ टिकेल, याची मला काळजी वाटते. आणि हालिस्कोत टोळ्यांचा प्रश्न खरा आहे. बेपत्ता झालेल्या माणसांचे फोटो ग्वादालाहाराच्या चौकात लावलेले मी रोज बघते. पर्यटकाने बातम्यांवर लक्ष ठेवावं, रात्री उशिरा अनोळखी भागात जाऊ नये.

येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयाला पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे कॅलिफोर्नियात किंवा टेक्सासमध्ये नातेवाइकांकडे आलेल्या आईवडिलांनाही इथे आणता येतं. निघण्याआधी नियम मात्र तपासा. हॉटेल नदीच्या जवळपास घ्या, म्हणजे चालत सगळं होतं. एक दिवस लोस मुएर्तोसच्या धक्क्यावरून पांगा नावाची होडी पकडून येलापाला जा. तिथे बहुतेक जण होडीनेच जातात, आणि किनाऱ्यावर बायका डोक्यावर टोपली घेऊन नारळाचा, लिंबाचा ‘पाय’, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, विकतात. एक संध्याकाळ पिटियालच्या चौकात घालवा. देवळासमोरच्या गाड्यांवर खा. वायार्ता चालवणारी माणसं तिथेच जेवतात. ऋतूचं विचाराल तर सगळे जानेवारी सांगतील. मी ऑगस्ट सांगेन. सकाळी ऊन, संध्याकाळी डोंगरावरून गडगडत येणारा पाऊस, निम्म्या दरात खोली, कासवांचा हंगाम, आणि किनाऱ्यावर मेक्सिकोतलीच कुटुंबं सुट्टीला आलेली. उकाडा भयंकर असतो. कोकणात मे महिना काढलेल्या माणसाला त्याचं काही विशेष वाटू नये.