अंतर तेच, वेळ निराळी
आज सकाळी न्यूयॉर्कहून लंडनला परतले. या दोन शहरांमधले हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे. जाताना मला जवळपास आठ तास लागले होते, येताना मात्र विमान साडेसहा तासांतच उतरले. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्यांचा वेगवान झोत, म्हणजेच जेट प्रवाह, पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला पाठीमागून ढकलतो आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला तितक्याच नेटाने अडवतो, हे पुस्तकात वाचले होते. पण समोरच्या पडद्यावर जमिनीच्या सापेक्ष वेगाचा आकडा ताशी १,१०० किलोमीटरच्या पुढे सरकताना पाहिला, तेव्हा ते खऱ्या अर्थाने उमगले. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच जोरदार वाऱ्यामुळे एका प्रवासी विमानाने हा प्रवास ४ तास ५६ मिनिटांत पूर्ण केला होता.

नकाशावरील वाकडा मार्गही मला फार आवडला. सपाट कागदावर उत्तरेकडे झुकलेली ती रेषा लांबची भासते, परंतु पृथ्वीच्या गोलावर जवळचा मार्ग तोच असतो. पश्चिमेकडे जाताना वैमानिक अनेकदा तोही सोडून आणखी उत्तरेने जातात, कारण तिथे समोरचा वारा कमी असतो आणि अंतर वाढूनही इंधन वाचते.